मोठा टायर, तेच पाटे

मोठ्या टायरचा मी कट्टर पुरस्कर्ता होतो. केळी काढणीच्या दिवसांत आमच्या यावल तालुक्यात कुणाची पिकअप शेतरस्त्यात रुतली की पहिला सल्ला माझा असायचा: "भाऊ, कंपनीचे टायर काढ, एक माप मोठे टाक." हा सल्ला मी बाजार समितीच्या आवारात दिला, लग्नाच्या पंगतीत दिला, कुणी विचारला नसतानाही दिला. आता देत नाही. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी टायर बदलले, त्यांना नुसते 'आता मत बदललंय' असे सांगून मला मोकळे होता येणार नाही. त्यांना हिशेब द्यायला हवा, म्हणून हे लिहितो आहे.

आधीचे मत हवेतले नव्हते, हे प्रथम सांगतो. आमच्याकडची जमीन दोन तऱ्हांची आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी बझाडा पट्टा आहे. डोंगरातून सुकी, मोर यांसारख्या नद्यांनी वाहून आणलेले दगडगोटे आणि वाळू तिथे पसरलेली. दक्षिणेला तापीकाठची खोल काळी माती. वरच्या भागात गाडीच्या पोटाला दगड लागतो, खालच्या भागात चाक बसते. त्यात आता प्रत्येक बांधावरून ट्रॅक्टर फिरतो. त्याच्या उंच चाकांनी रस्त्यात खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे वरंबा उभा राहतो. ट्रॅक्टरला त्याचे काही नाही. मागून पिकअप त्याच चाकोरीत उतरली की मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा त्या वरंब्यावर टेकतो आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते, कारण माझे सगळे जुने मत तिच्यावर उभे होते. पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, गाडीत ॲक्सल चाकांवर असतो आणि पाटे ॲक्सलच्या वर. माल भरला की बॉडी खाली बसते, पण गोळ्याची जमिनीपासूनची उंची टायर दबेल तेवढीच कमी होते. पाटे वाढवले तर बॉडी वर जाते, गोळा आहे तिथेच राहतो. गोळा वर उचलायचा उपाय एकच, चाकाचा व्यास वाढवणे. हे मी पाठ केलेले होते आणि ते आजही खरे आहे. वर माझ्याकडे आजोबांच्या बैलगाडीचा दाखला असे. छातीएवढे उंच लाकडी चाक, त्यावर चढवलेली लोखंडी धाव, आणि पाट्याचा पत्ता नाही. तरी ती गाडी नाल्यातून, दगडांतून माल घेऊन निघायची, कारण मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि धोंड्यावर सहज चढते. यावर समोरच्याकडे उत्तर नसायचे.

माझे मत हलले ते आकडे मांडायला बसल्यावर. माझ्या पिकअपला मूळ माप होते २१५/७५ आर १५. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. रिम ३८१ मिलिमीटर, वर आणि खाली प्रत्येकी सुमारे १६१ मिलिमीटरची भिंत, म्हणजे चाकाचा एकूण व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. मी टाकलेले माप २३५/७५ आर १५. त्याचा व्यास ७३३. फरक ३० मिलिमीटर. पण गोळा चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला यातला निम्माच येतो, १५ मिलिमीटर. दीड सेंटीमीटर! पावसाळ्यात एका ट्रॅक्टरच्या एका फेरीत वरंबा याहून जास्त वाढतो. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षे भांडलो, ते एवढेसे होते.

मग काही जण म्हणतात, ३१ इंची टाका. त्याचा व्यास नावापुरता ७८७ मिलिमीटर, गोळा चांगला चार सेंटीमीटर वर जातो. जळगाव-धुळ्याच्या पोरांच्या मोबाईलवर अशा गाड्यांचे फोटो सतत फिरत असतात. त्या गाड्या मीही कौतुकाने पाहतो. पण फोटोतल्या पिकअपचा हौदा बहुतेक वेळा रिकामा असतो. आइसलँडमध्ये बर्फावर चालवण्यासाठी ३८ इंची टायरच्या हायलक्स बनवतात. बीबीसीच्या 'टॉप गिअर' कार्यक्रमाने २००७ मध्ये चुंबकीय उत्तर ध्रुवाच्या मोहिमेला तशाच गाड्या नेल्या होत्या. तिथले लोक टायर मोठा करतात तेव्हा मडगार्ड कापतात, सस्पेन्शन बदलतात, गिअरचे प्रमाण बदलतात. टायर हा त्या कामाचा एक भाग असतो. आपण त्यातला तेवढाच भाग उचलतो, बाकी सगळे कंपनीचे ठेवतो आणि वर दीड टन केळी भरतो.

या बाकीच्या सगळ्याचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. तो मला एका पाटेवाल्याने मांडून दाखवला. धुळ्याला पारोळा रोडवर त्याचे दुकान. तुटलेला पाटा बदलायला गेलो होतो. गाडीखालून बाहेर येत त्याने टायरकडे पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, पाटा त्याच शेतस, मंग टायर मोठा करीसन काय व्हई?" मी माझे गोळ्याचे गणित सांगितले. त्याने ते मान्य केले आणि मला टायरच्या भिंतीवरचा एक आकडा वाचायला लावला.

तो आकडा म्हणजे वजन-अंक, लोड इंडेक्स. मापाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेला असतो आणि आपल्यापैकी फार थोडे जण तो वाचतात. माझ्या जुन्या, मालवाहू जातीच्या आठ प्लायच्या टायरवर १०६ होता. १०६ म्हणजे एका टायरला ९५० किलो. नवा रुंद टायर एसयूव्हीच्या जातीचा निघाला, त्यावर १०५, म्हणजे ९२५ किलो. दिसायला दांडगा असलेला टायर पेलायला २५ किलोने कमी होता. शिवाय जुन्या टायरमध्ये ६५ पीएसआयपर्यंत हवा भरता येत होती, नव्याची मर्यादा त्याच्या जवळपासही नव्हती. टायर वजन पेलतो तो आतल्या हवेच्या जोरावर. रबर त्या हवेला धरून ठेवते. कमी हवेवर जास्त वजन आले की भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि तापते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या पुढे जातो, डांबराचा चटका त्याहून वरचा. त्या रस्त्यावर भरलेली गाडी तापलेल्या टायरवर पळवणे म्हणजे फुटण्याची वाट पाहणे आहे. माझा टायर फुटला नाही. पण तो फुटला नाही याचे श्रेय माझ्या अकलेला नव्हते.

दुसरा मुद्दा पाट्यांचा. माल भरल्यावर मागची बॉडी खाली बसते आणि टायर व हौदा यांच्यातले अंतर कमी होते. कंपनीने ते अंतर कंपनीच्या टायरसाठी ठेवलेले असते. मोठ्या टायरने ते आधीच खाल्ले. मग खड्ड्यात गाडी आपटली की टायर वर घासतो, आणि पुढे स्टेअरिंग पूर्ण वळवले की मडगार्डच्या आतल्या बाजूला. यावर आमच्याकडचा ठरलेला इलाज म्हणजे पाटा वाढवणे. मीही वाढवला. घासणे थांबले, पण त्यामागून दोन नव्या गोष्टी आल्या.

पहिली, माल. केळीच्या घडाला कडक पाटा मानवत नाही. हौदा पूर्ण भरला तर ठीक. अर्धा भरला की गाडी दगडासारखी आपटते, घड एकमेकांवर घासतात आणि चोळामोळा झालेली साल दुसऱ्या दिवशी काळी पडते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण व्यापारी भाव ठरवतो तो सालीवरचे डाग पाहून. ज्या शेतकऱ्याने घडाला पिशवी घातली, झाडाला टेकू दिला, त्याचा माल माझ्या गाडीत शेवटच्या चार किलोमीटरमध्ये खराब होत होता.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती अधिक गंभीर आहे. अनेक पिकअपना मागे एलएसपीव्ही नावाचा वॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. बॉडी किती खाली बसली यावरून त्याला गाडीतल्या वजनाचा अंदाज येतो. बॉडी बसली की मागच्या चाकांना ब्रेक जास्त, वर असली की कमी, म्हणजे रिकाम्या गाडीची मागची चाके जाम होऊन गाडी घसरू नये. पाटा वाढवला की भरलेली बॉडीसुद्धा वर राहते. वॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि गाडी भरलेली असतानाच मागचा ब्रेक कमी मिळतो. हे कळल्यावर मी तो जादा पाटा काढायला लावला. दांडी नव्याने सेट करता येते, पण ते करणारा माणूस शोधावा लागतो आणि पाटा वाढवून देणारा ते आपणहून सांगेलच असे नाही.

ब्रेकला मोठ्या टायरचाही स्वतंत्र फटका बसतो. ब्रेकची ताकद तीच, चाकाची त्रिज्या चार टक्के वाढली, म्हणजे पेडल तितकेच दाबले तरी रस्त्यावर ब्रेकचा जोर चार टक्के कमी. वर चाक जड झालेले. हेच इंजिनच्या बाजूनेही होते. प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारी ओढ चार टक्क्यांनी घटते, ३१ इंचीवर दहा टक्क्यांहून जास्त. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट भरल्या गाडीने चढताना जाणवते. जिथे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी निघायची तिथे पहिला टाकावा लागतो आणि क्लच प्लेटचा वास येतो. परतीच्या उतारावर ब्रेक तापतात. ही लक्षणे मला आधीपासून दिसत होती. मी त्यांना 'गाडी जुनी झाली' म्हणत होतो.

आता मीटर. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण मीटर फेरेच मोजते. ८० दाखवत असताना खरा वेग ८३च्या वर असतो. खरे १०० किलोमीटर झाले की मीटरवर ९६. यामुळे माझ्या वहीतले ॲव्हरेज अचानक पडले आणि मी डिझेलवाल्यावर संशय घेतला. खरे तर त्यातली चार टक्के घट कागदावरचीच होती. बाकीची मात्र खरी, जड चाकाची. पण गंमत पुढेच आहे. आमची भाडी किलोमीटरवर ठरतात आणि किलोमीटर मीटरवरून मोजतात. किलोमीटरला २० रुपये धरले, तर दर १०० किलोमीटरमागे ८० रुपये मी गिऱ्हाइकाला सोडत होतो. जळगाव ते धुळे, एरंडोल-पारोळ्यावरून, एका अंगाला नव्वदेक किलोमीटर. पाच टायरचे पैसे घातले ते वेगळे. हो, पाचच. स्टेपनी जुन्या मापाची ठेवली आणि ती मागे लावायची वेळ आली, तर दोन चाकांचे व्यास वेगळे होतात, डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सारखे फिरत राहते आणि तापते. सगळीकडे चार टायरचाच हिशेब सांगितला जातो.

कायद्याकडे मी आधी 'पासिंगच्या वेळी बघू' म्हणून पाहायचो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ वाचल्यावर लक्षात आले की मालवाहू गाडीच्या बाबतीत टायरचे माप ही हौसेची बाब मानलेलीच नाही. कलम ५८ गाडीचे कमाल वजन ठरवताना टायरची संख्या, जात आणि माप विचारात घेते आणि ते माप नोंदणी प्रमाणपत्रात लिहायला सांगते. कलम ५२ सांगते, की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंडापेक्षा मला विमा जास्त महत्त्वाचा वाटतो. अपघात झाला आणि सर्व्हेअरने टायरचे माप आरसीशी ताडून पाहिले, तर आपल्याकडे सांगायला काय आहे?

हे सगळे वाचून 'कंपनी म्हणते तेच ब्रह्मवाक्य' म्हणणाऱ्यांनी खूष होऊ नये. त्यांच्याशी माझे भांडण संपलेले नाही. गोळा टायरनेच वर जातो, हे मी अजूनही म्हणतो. 'पाटे वाढवा, गाडी उंच होईल' हा अनेकांचा सल्ला शेतरस्त्यात काडीचा कामाचा नाही. आणि त्याच कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला एक माप मोठे दिलेले असेल, तर ते माप टाकण्यात मला आजही गैर वाटत नाही. फक्त तसे असेल तर त्या प्रकाराला रिम, पाटे आणि ब्रेकही वेगळे दिलेत का, हे आधी पाहावे, टायरचा वजन-अंक जुन्याइतका किंवा वरचा असावा आणि नोंद कागदावर करून घ्यावी.

चाक रुतण्याबद्दलही मत बदलले. काळ्या मातीत गाडी बहुतेक वेळा उंची कमी पडल्याने अडकत नाही. नक्षीच्या खाचा चिखलाने भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि फिरत राहतो. रुंद टायरच्या खाचाही तशाच भरतात. त्यापेक्षा मूळ मापातच मागे मोठ्या बटनांचा टायर आणि पुढे रिबचा, ही जुन्या ट्रकवाल्यांची जोडी जास्त उपयोगी पडते. आमच्या गाड्या मागच्या चाकांवर ओढतात. रिकामी पिकअप मागे हलकी असते, त्यामुळे ती भरायला जाताना रुतते. तेव्हा मागची हवा थोडी कमी करून शेतात हळू न्यावी आणि माल भरण्याआधी पुन्हा भरावी. त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप पुरतो. हवा सकाळी गार टायरमध्ये तपासावी, दुपारी तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. आणि नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर काढावा, नियमही तेच सांगतो. माझ्या गाडीवर आता मूळ मापाचे, १०६ अंकाचे टायर आहेत आणि पाटे कंपनीचे.

उरला प्रश्न त्या वरंब्याचा. तो टायरच्या दुकानात सुटत नाही. दहा शेतकऱ्यांनी मोठ्या टायरवर घालायचे पैसे एकत्र करून त्या रस्त्यावर मुरूम टाकला, तर सगळ्यांच्या गाड्या निघतात, ट्रॅक्टरच्याही चाकोऱ्या कमी पडतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, ती याच कामासाठी. ग्रामसभेत रस्त्याचा ठराव मांडायला मोठ्या टायरइतका खर्च येत नाही.

म्हणून ज्यांना मी सल्ला दिला होता, त्या सगळ्यांना सांगतो: पाटे, ब्रेक आणि गिअर कंपनीचे ठेवणार असाल, तर टायरही कंपनीच्या मापाचेच ठेवा. नवीन घेताना दुकानदाराला आधी वजन-अंक विचारा, नक्षी आणि किंमत नंतर. आणि माझ्या जुन्या सांगण्यावरून मोठे टायर टाकून वर पाटाही वाढवला असेल, तर पुढचा माल भरण्याआधी मागचा ब्रेक तपासून घ्या.